हळदीकुंकवाला लावलेलं मोगरा-दवण्याचं अत्तर: प्रत्येकीच्या हातावर वेगळा वास का?

जनकगंजची सून

नमस्कार मंडळी.

परवा आमच्याकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू झालं. ग्वाल्हेरला लष्कर भागात जुन्या मराठी घरांतून अजून हे हौसेनं करतात. आंब्याची डाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे, आणि आत येणारीवर आधी गुलाबपाणी शिंपडायचं, मग हातावर अत्तर. या वर्षी अत्तरदाणी माझ्या हातात होती.

अत्तर कुठलं, ते आधी सांगते, कारण प्रश्न त्याचाच आहे. माझं माहेर कोल्हापूर. चैत्रात जोतिबाला गुलाल-खोबऱ्याबरोबर दवणा वाहतात, त्यामुळे दवण्याचा वास म्हणजे माझ्यासाठी चैत्र. लग्न होऊन इथे आले आणि दवणा सुटला. जानेवारीत व्यापार मेळ्यात कनौजहून आलेल्या एका अत्तरवाल्यांकडे मोगरा घेत होते, तेव्हा मागच्या रांगेत ‘दवना’ लिहिलेली बाटली दिसली. मी हरखलेच. त्यांनी तीन भाग मोगरा आणि एक भाग दवणा अशी एक तोळ्याची कुपी करून दिली आणि म्हणाले, दोन महिने अंधारात ठेवा, मग उघडा. मी कपाटात साड्यांच्या मागे ठेवली ती थेट गौर बसली तेव्हाच काढली.

एकंदर चौदा जणी आल्या. सगळ्यांना एकाच काचेच्या कांडीनं, उजव्या हाताच्या पाठीवर, एकेक टिपका. लावताना वास एकच होता: वर मोगरा, खाली काहीतरी हिरवं. अर्ध्या तासानं ओटी भरायला एकेकीच्या जवळ वाकले आणि थबकले. शेजारच्या काकूंच्या हाताला नुसता मोगरा, गजरा माळावा तसा. त्यांच्या सुनेच्या हाताला मोगरा जवळजवळ नाहीच, पिकल्या जर्दाळूसारखं गोड काहीतरी. एका बाईंच्या हाताला काढ्याचा वास. आमच्या जाऊबाईंच्या हाताला तर मला चक्क डांबराच्या गोळ्यांचा भास झाला. आणि सासूबाईंच्या हाताला काहीच नाही, जणू लावलंच नव्हतं.

कुपी एक, कांडी एक, खोली एक. मग हे असं का? अंगाचा गुण म्हणायचा की आणखी काही? जाणकारांनी सांगावं. मला मनापासून समजून घ्यायचं आहे.

दौलतगंजकर

सूनबाई, छान विषय काढलात. आमच्या घरात दोन पिढ्या पूजासामान आणि अत्तराचं दुकान होतं, त्यामुळे हा प्रश्न गिऱ्हाइकाच्या तोंडून शेकडो वेळा ऐकलाय. “तुमच्याकडे वास घेतला तेव्हा वेगळा होता, घरी गेल्यावर बदलला.” वडील एकच करायचे. हातावर लावून द्यायचे आणि म्हणायचे, बाड्यावर, म्हणजे चौकातल्या बाजारात, जाऊन भाजी घेऊन या, मग सांगा.

पहिलं म्हणजे त्यात तेल कुठलं आहे ते बघा. जुन्या पद्धतीत तांब्याच्या डेगेत फुलं आणि पाणी घालून झाकण मातीनं लिंपतात. खाली गोवऱ्या-लाकडांची आच. वाफ बांबूच्या चोंग्यातून पाण्याच्या हौदात बुडवलेल्या भपक्यात (वाफ गोळा करायच्या भांड्यात) उतरते, आणि त्या भपक्यात आधीच चंदनाचं तेल असतं. फुलाचा वास चंदनात मुरतो. म्हणून असं अत्तर कुणाच्याही अंगावर शेवटी चंदनावर येऊन थांबतं. चंदन महाग झाल्यापासून पुष्कळ ठिकाणी लिक्विड पॅराफिन वापरतात. त्याला स्वतःचा वास नाही. फूल उडालं की खाली काही उरतच नाही. सासूबाईंच्या हाताचं कोडं कदाचित इथेच सुटेल.

दुसरं, दवणा. अत्तराच्या धंद्यात दवण्याची ख्यातीच ही आहे की तो माणसागणिक बदलतो. गुलाब, केवडा, वाळा ही सरळ माणसं. दवणा तसा नाही. तुम्ही नेमका तोच निवडलात.

तिळगूळ

वाचतेय. आमच्याकडेही सासूबाईंच्या हातावर काही टिकत नाही.

मांडवी बडोदे

मी बडोद्याला सौंदर्यप्रसाधनांच्या प्रयोगशाळेत काम करते, रसायनशास्त्र शिकलेय. दौलतगंजकर काकांचं म्हणणं पटलं, त्यात थोडी भर घालते.

वास म्हणजे उडणारे रेणू. हलके आधी उडतात, जड मागे राहतात. मोगऱ्याचे बरेचसे घटक हलके, दवण्यातला मुख्य घटक दव्हानोन त्या मानानं जड. म्हणजे तुम्ही अर्ध्या तासानं हुंगलंत तेव्हा चौदा हात खरं तर एकाच अत्तराच्या चौदा वेगवेगळ्या टप्प्यांवर होते. कुणाचं पहिलं पान चाललं होतं, कुणाचं शेवटचं.

टप्पा लवकर येतो की उशिरा, हे कशावर ठरतं? त्वचेचं तापमान साधारण ३२ ते ३४ अंश असतं. हात गरम असेल, बाहेर ग्वाल्हेरचा चैत्र असेल, तर मोगरा झपाट्यानं उडतो. तेलकट त्वचेवर तोच वास तेलात विरघळून रेंगाळतो. कोरड्या त्वचेवर धरून ठेवायला काही नसतं. उतारवयात त्वचेतलं तेल कमी होतं, म्हणून सासूबाईंच्या हाताचं मला तरी नवल वाटलं नाही. शिवाय त्या दिवशी हातांवर आधी काय होतं, हाही प्रश्न आहेच. साबण, क्रीम, हळद, गुलाबपाणी, ओटीतले हरभरे.

पण तुमच्या पोस्टमध्ये मला सगळ्यात महत्त्वाची गोष्ट दिसली ती वेगळीच. चौदाही हात एकाच नाकानं हुंगलेत, तुमच्या. तुम्हाला जाऊबाईंच्या हाताला डांबरगोळी आली. जाऊबाईंना स्वतःला काय आलं?

मोगऱ्यात इंडोल नावाचा घटक थोड्या प्रमाणात असतो. तो विरळ असला की फूल ‘जिवंत’ वाटतं. एकवटला की डांबरगोळीसारखा, कुजकटही वाटतो. तो कुणाला कितपत जाणवतो यात फरक असतो. माणसाच्या नाकात वास ओळखणाऱ्या ग्राहकांचे, म्हणजे रिसेप्टरांचे, सुमारे ४०० प्रकार आहेत (ते शोधल्याबद्दल रिचर्ड अॅक्सेल आणि लिंडा बक यांना २००४ चं नोबेल मिळालं), आणि दोन माणसांतला हा संच तंतोतंत सारखा नसतो. व्हायोलेट फुलाच्या वासातला बीटा-आयोनोन काहींना फुलासारखा गोड लागतो, काहींना आंबट-उग्र. त्यामागे एका जनुकातला बदल आहे, हे २०१३ मध्ये दाखवून दिलं गेलं. तेव्हा प्रश्न फक्त ‘अंग कुणाचं’ एवढाच नाही, ‘नाक कुणाचं’ हाही आहे.

रामबाग इंदूर

मांडवीताई, नाकाचं अगदी खरं. मला २०२१ मध्ये कोविड झाला. महिनाभर वासच नव्हता, आणि परत आला तेव्हा वाकडा आला. कांदा परतला की जळका रबर, आणि माझा लाडका मोगरा साबणाच्या पाण्यासारखा. आमच्या इंदूरला उन्हाळ्यात दिवस कितीही तापला तरी रात्री हवा उतरते, शब-ए-मालवा म्हणतात ती हीच. त्या हवेत गच्चीवरच्या कुंडीतला मोगरा उमलला की आई मला बोलवायची आणि मी गप्प उभी राहायची. दीड वर्षानं एका रात्री अचानक खरा वास आला. मी रडले होते.

आता मला जवळजवळ सगळे वास येतात, पण निशिगंध अजून नाही. लोक ‘तुझ्या अंगावर हे अत्तर खुलत नाही’ म्हणतात तेव्हा मी आधी विचारते, तुमच्या नाकाला की माझ्या?

वाळ्याचा पडदा

माझे आजोबा वैद्य होते. ते सांगत, पित्त प्रकृतीच्या माणसाला थंड अत्तर द्यावं, वाळा, गुलाब, चंदन. हिना आणि शमामा ही उष्ण अत्तरं थंडीत आणि वात प्रकृतीला. ग्वाल्हेरसारख्या गावात, जिथे उन्हाळ्यात पारा ४५ वर जातो आणि डिसेंबर-जानेवारीत शेकोटी पेटवावी लागते, तिथे हा हिशेब आम्ही लहानपणापासून पाळलाय. मेमध्ये शमामा लावून कुणी आलं तर खोली जड होते.

मांडवी बडोदे

@वाळ्याचा पडदा, प्रकृतीबद्दल बोलायचा माझा अधिकार नाही, पण ज्याचं अंग गरम राहतं आणि घाम जास्त येतो त्याच्यावर अत्तर वेगळं वागतं, हे निरीक्षण अगदी बरोबर आहे. आमच्याकडे नवरात्रात गरब्याला हे डोळ्यांसमोर दिसतं. संध्याकाळी सगळ्या सारख्याच दरवळतात, मध्यरात्री एकीचा वास दुसरीला जुळत नाही. घामाला स्वतःचा वास जवळपास नसतो, त्वचेवरचे जिवाणू तो तयार करतात, आणि ते प्रत्येकाचे वेगळे.

कुंकवाचा करंडा

एक सावधगिरीची गोष्ट. दोन वर्षांपूर्वी एका प्रदर्शनात ‘शुद्ध वनस्पतीजन्य’ म्हणून घेतलेलं फुलांचं तेल मी मानेला लावलं. दुसऱ्या दिवशी साखळी असते तिथे लाल चट्टे आणि खाज, उतरायला तीन आठवडे लागले. त्वचेच्या डॉक्टरांनी सांगितलं की नैसर्गिक असलं म्हणून त्रास होणार नाही असं नसतं. गुलाबातलं जिरॅनिऑल, लव्हेंडरमधलं लिनालूल, यांचीही काहींना अॅलर्जी असते. आता मी कोपराच्या आतल्या बाजूला एक टिपका लावून दोन दिवस थांबते, आणि लिंबू-संत्र्याच्या सालीचं तेल असलेलं काहीही लावून उन्हात जात नाही.

आणि रेशमावर लावू नका. माझ्या चंदेरीच्या पदरावर मसुराएवढा पिवळा डाग आहे. रांगोळीची पूड, टाल्कम पावडर, सगळं करून झालं. साडी धुवून आली तरी डाग आहे तसाच.

जनकगंजची सून

सगळ्यांचे आभार. मांडवीताईंना निरोप पाठवून नीट पद्धत विचारून घेतली आणि रविवारी घरातच करून पाहिलं. लांबलचक लिहितेय, पण मला यात फार रस आला.

पाच जण: सासूबाई (७२), जाऊबाई, माझे यजमान, लेक (१६) आणि मी. सकाळपासून कुणी साबण, पावडर, क्रीम काही लावायचं नाही, नुसत्या पाण्यानं अंघोळ. हात पुसून अर्धा तास थांबलो. मग डाव्या हाताच्या आतल्या बाजूला, मनगटापासून चार बोटं वर, कांडीचा एकेक टिपका. चोळायचं नाही. सहावा टिपका कागदाच्या पट्टीवर. चित्रकलेच्या वहीचा जाड कागद कापला. हुंगणाऱ्या दोघी, मी आणि सासूबाई. डोळ्यांना पट्टी, पुढे येणारा हात कुणाचा ते सांगायचं नाही, आणि माझा हात त्यांनी हुंगायचा. मध्ये नाक थकलं की स्वतःचाच कोरा कोपर हुंगायचा. (कॉफीच्या बिया ठेवतात ना, त्याचा साध्या हवेपेक्षा जास्त उपयोग नसतो म्हणाल्या मांडवीताई.) लेकीनं वहीत लिहून घेतलं.

पाच मिनिटांनी सगळीकडे मोगरा. फरक सांगताच येईना.

एका तासानं फाटे फुटले. कागदावर अजून मोगरा आणि हिरवा दवणा, दोन्ही सुटे सुटे. लेकीच्या हातावर तो जर्दाळू, तोच जो मला हळदीकुंकवाला आला होता, दाट आणि गोड. यजमानांच्या हातावर मोगरा संपला होता आणि दवणा एकटा उभा होता, काढ्यासारखा, किंचित चहाच्या पत्तीसारखा. त्यांचा हात लावायच्या आधीच गरम होता, हे लेकीनं वहीत टिपलं होतं. आणि सासूबाईंचा हात कोरा.

मग जाऊबाईंचा हात आला. मला परत डांबरगोळी. मी तसं सांगितलं, आणि शेजारून सासूबाई म्हणाल्या, “अगं, हा तर पहाटेचा मोगरा आहे. यात वाईट काय आहे?” त्यांनी पुन्हा हुंगलं, पुन्हा तेच. मी कागद मागितला, नाकाला टेकवला, आणि मला कागदातही डांबरगोळी आली! हळदीकुंकवाला मी जाऊबाईंच्याच हातावर सगळ्यात जास्त वाकले होते, त्यांच्या बांगड्यांत माझा पदर अडकला होता म्हणून. लेकीनं मग सगळे हात आणि कागद वीतभर लांब धरले. डांबरगोळी गेली. नुसता मोगरा. परत जवळ आणला की परत आली. सासूबाईंना मात्र जवळूनही आली नाही, एकदाही नाही.

म्हणजे बिचाऱ्या जाऊबाईंच्या त्वचेचा काही दोष नव्हता. मी त्यांना त्या दिवशी ‘तुम्हाला मोगरा मानवत नाही’ असं सांगून टाकलं होतं, आणि त्यांनी तो मनाला लावून घेऊन गजरा काढून ठेवला होता. रविवारी संध्याकाळी मीच जाऊन त्यांच्यासाठी गजरा आणला.

सासूबाईंच्या हाताचं दुसऱ्या दिवशी पुन्हा करून पाहिलं. एका हाताला नुसतं अत्तर, दुसऱ्याला आधी बिनवासाच्या पेट्रोलियम जेलीचं बोट फिरवून मग अत्तर. नुसता हात तासाभरात गप्प. जेलीच्या हातावर चार तासांनी दवणा होता, अगदी कोल्हापूरचा, ओल्या गुलालातून येतो तसा. मी त्यांचा हात बराच वेळ धरून बसले.

यजमानांना काढा आवडला नाही. त्यांनी आपला वाळाच बरा म्हणून सांगितलं.

आता दौलतगंजकर काकांना विचारते. आठ तासांनी लेकीच्या हातावर आणि कागदावरही चंदन काही सापडलं नाही. मग हे पॅराफिन समजायचं का?

दौलतगंजकर

एका हातावरून ठाम सांगणार नाही. तीन भाग मोगऱ्यात चंदन असतं तर कागदावर दुसऱ्या दिवशीही मऊ, दुधाळ वास राहायला हवा होता. पट्टी फेकली नसेल तर उद्या परवा बघा. चंदन नसलं तरी अत्तर वाईट ठरत नाही, फक्त ते धरून ठेवायला आधार कमी.

तुमच्या सासूबाईंसाठी एक जुना उपाय सांगतो. आमच्या दुकानात ज्येष्ठ मंडळी अत्तर हाताला लावूनच घेत नसत. कापसाचा फाया मागत आणि तो कानाच्या वरच्या पाळीच्या घडीत बसवत. तानसेन समारोहाला हजीऱ्याला, तानसेनच्या समाधीपाशी, निघाले की हमखास. थंडीत हिना, आणि उन्हाळ्यात गाणं असलं तर वाळा. आपल्याला तेव्हा ती नुसती ऐट वाटायची, पण मांडवीताईंचं वाचल्यावर लक्षात आलं, फायात अत्तर त्वचेत उतरत नाही, कापसातच राहतं आणि कानाच्या उबेनं हळूहळू सुटतं. कोरड्या त्वचेच्या माणसाला याहून सोपं काही नाही. फक्त फाया कानाच्या भोकात जाऊ देऊ नका, आणि अत्तर थोडंच.

मांडवी बडोदे

काका, अगदी! कापूस म्हणजे सूनबाईंची कागदाची पट्टीच, फक्त उबेची. हे मला सुचलं नव्हतं. फाया लावायच्या आधी त्या अत्तराची कोपरावर दोन दिवस चाचणी घ्या, कुंकवाचा करंडा यांनी सांगितलंय तशी. कानाची कातडी नाजूक असते.

रामबाग इंदूर

सूनबाई, मला त्या कुपीतलं थोडं पाठवाल का? माझ्या नाकाला दवणा काय म्हणतो ते बघायचंय.

जनकगंजची सून

@रामबाग इंदूर, नक्की. पुढच्या आठवड्यात दीर इंदूरला येतायत, त्यांच्याबरोबर छोटी कुपी देते. वास आला, न आला, वाकडा आला, इथे जरूर लिहा.

काका, पट्टी ठेवली होती. तिसऱ्या दिवशी त्यावर फक्त जर्दाळू आहे, चंदन नाही. पुढच्या जानेवारीत मेळ्यात त्याच अत्तरवाल्यांना गाठून चंदनावरचा मोगरा मागणार आहे, अर्धा तोळाच मिळाला तरी चालेल.

फाया काल केला. चाचणी झाली होती, काही त्रास नव्हता. तुरीच्या दाण्याएवढा कापूस, त्यावर कांडीचं टोक नुसतं टेकवलं, आणि सासूबाईंनी सवयीनं बसवावा तसा तो कानाच्या घडीत बसवला. म्हणाल्या, त्यांचे सासरे असाच लावत, तेव्हा बायका लावत नसत. संध्याकाळी दत्ताच्या देवळात आरतीला गेलो. कापूर आणि उदबत्तीच्या धुरात मला वाटलं काही कळणार नाही. प्रसाद घेताना मागच्या बाईंनी त्यांच्या खांद्याला हात लावून विचारलं, “काकू, दवणा का हो?” त्या बाई मूळच्या साताऱ्याच्या निघाल्या. सासूबाईंनी पदर थोडा मागे सारला आणि मान वळवून कान त्यांच्यापुढे केला.